अक्षांवरचे छेदबिंदू आणि अनंतस्पर्शी रेषा: नुसती शून्यं शोधून काम का भागत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे.

य = (२क्ष² − ८) / (क्ष² − क्ष − ६)

या फलनाचा आलेख काढायचा होता. छेद शून्य धरल्यावर क्ष = ३ आणि क्ष = −२ अशा दोन किमती आल्या, म्हणून दोन उभ्या अनंतस्पर्शी रेषा (asymptotes, म्हणजे आलेख ज्यांच्या जवळजवळ जात राहतो अशा रेषा) लिहिल्या. उत्तरात एकच आहे. अंश शून्य धरल्यावर क्ष = २ आणि क्ष = −२ आले, पण क्ष-अक्षावरचा छेदबिंदूही उत्तरात एकच दिलाय. शिवाय ‘आलेख अनंतस्पर्शी रेषेला कधीच शिवत नाही’ असं शिकवलं होतं, आणि दुसऱ्या एका गणितात मोबाइलवर काढलेला आलेख आडवी रेषा चक्क ओलांडून गेला. मग खरं काय?

मी बरीच वर्षं कलन (कॅल्क्युलस) शिकवतो आहे आणि या तिन्ही शंका दरवर्षी समोर येतात. त्या येतात कारण ‘छेद शून्य करा, अंश शून्य करा’ एवढीच कृती हातात दिली जाते. शून्य सापडलं की चौकशी सुरू होते, संपत नाही. त्या शून्यापाशी य काय करतो हे बघणं म्हणजे खरं काम.

तुमच्याच फलनाचे अवयव पाडू. अंश २(क्ष − २)(क्ष + २), छेद (क्ष − ३)(क्ष + २). (क्ष + २) दोन्हीकडे आहे. तो काढून टाकला की उरतं

य = २(क्ष − २) / (क्ष − ३), पण क्ष = −२ वगळून.

शेवटचे शब्द महत्त्वाचे आहेत. अवयव काढला तरी मूळ फलनाचा प्रांत, म्हणजे क्ष च्या ज्या किमतींना फलनाला किंमत असते त्यांचा संच, बदलत नाही. −२ ठेवल्यावर मूळ सूत्रात ०/० येतं, म्हणजे तिथे फलनाला किंमतच नाही. आता −२ च्या अगदी जवळच्या किमती घालून बघा. क्ष = −२.०१ ला य साधारण १.६००८ येतो, क्ष = −१.९९ ला साधारण १.५९९२. दोन्ही बाजूंनी य निमूटपणे ८/५ कडे, म्हणजे १.६ कडे चालला आहे. कुठे उसळी नाही, कुठे घसरण नाही. वक्र तिथून सरळ जातो, फक्त (−२, ८/५) हा एक बिंदू त्यातून गळलेला आहे. आलेखात तिथे छोटं पोकळ वर्तुळ काढायचं.

हेच क्ष = ३ पाशी करा. २.९ ला −१८, २.९९ ला −१९८. पलीकडून ३.१ ला २२, ३.०१ ला २०२. इथे य हाताबाहेर जातो, डावीकडून खाली आणि उजवीकडून वर. उभी अनंतस्पर्शी रेषा याला म्हणतात: क्ष एखाद्या किमतीकडे जाताना, निदान एका बाजूने तरी, य चं मूल्य, चिन्ह सोडून, अमर्याद वाढत जाणं. छेद शून्य होणं ही त्याची खूण आहे, व्याख्या नव्हे.

आता −२ हा छेदबिंदू का नाही तेही कळलं असेल. अंश तिथे शून्य होतो खरा, पण फलनच तिथे नाही, मग आलेख अक्षाला छेदणार कसा? जो अवयव तुम्हाला एक जास्तीची अनंतस्पर्शी रेषा देऊन गेला, तोच एक जास्तीचा छेदबिंदूही देऊन गेला. म्हणून माझा आग्रह असतो: प्रांत आधी लिहा, अवयव पाडा, समान अवयव काढा, आणि मग शून्यं शोधा. क्रम उलटा झाला की चूक जोडीने येते.

एक सावधगिरी मात्र हवी. समान अवयव दिसला म्हणजे तिथे फक्त बिंदू गळतो असं गृहीत धरू नका. (क्ष − १)/(क्ष − १)² मध्ये एक अवयव गेला तरी छेदात एक उरतोच, म्हणून क्ष = १ ही उभी अनंतस्पर्शी रेषा कायम राहते. उलट (क्ष − १)²/(क्ष − १) मध्ये अंशात एक उरतो. तिथे गळलेला बिंदू नेमका क्ष-अक्षावर पडतो, (१, ०) वर, आणि तरीही तो छेदबिंदू म्हणून मोजायचा नाही.

य-अक्षाचं काम सोपं आहे. क्ष = ० ठेवा. तुमच्या फलनात −८/−६, म्हणजे ४/३ येतं, छेदबिंदू (०, ४/३). असा बिंदू जास्तीत जास्त एकच असू शकतो, कारण फलन एका क्ष ला एकच य देतं. शून्य प्रांतात नसेल तर एकही नाही. क्ष-अक्षावर मात्र कितीही बिंदू असू शकतात.

तिथे अडचण येते ती अवयव सहज न पडणाऱ्या अंशाची. द्विघाती असेल तर सूत्र आहेच. त्रिघाती किंवा वरची बहुपदी असेल, सहगुणक पूर्णांक असतील आणि सर्वांत वरच्या घाताचा सहगुणक १ असेल, तर स्थिरपदाचे विभाजक धन आणि ऋण दोन्ही चिन्हांनी घालून पाहा, कारण पूर्णांक मूळ असेल तर ते त्यांच्यातच सापडतं. तेही जमलं नाही तर चिन्ह कुठे बदलतं ते बघा. क्ष³ + क्ष − १ घ्या. क्ष = ०.६ ला किंमत −०.१८४, ०.७ ला ०.०४३. बहुपदीचा आलेख अखंड असतो, म्हणून या दोघांच्या मध्ये तो अक्ष ओलांडणारच. थोडं आणखी जवळ गेलं की मूळ सुमारे ०.६८ येतं. आलेखासाठी एवढं पुष्कळ झालं.

मूळ किती वेळा येतं तेही बघायला हवं, कारण वक्राचा आकार त्यावरून ठरतो. अवयव विषम वेळा आला तर तिथे चिन्ह बदलतं आणि आलेख अक्ष ओलांडतो. सम वेळा आला तर चिन्ह तेच राहतं आणि आलेख अक्षाला स्पर्श करून मागे फिरतो. छेदातही हाच न्याय. १/(क्ष − २) हा २ च्या एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर जातो, पण १/(क्ष − २)² दोन्ही बाजूंनी वरच जातो. घातांक सम की विषम एवढं पाहिलं की उभ्या रेषेजवळच्या दोन्ही शाखा एकाच दिशेने जातात की विरुद्ध दिशांनी, हे एकही किंमत न काढता कळतं.

आता आडव्या रेषांकडे वळू. क्ष खूप मोठा झाला, धन किंवा ऋण, की य कशाच्या जवळ जातो हा इथला प्रश्न. परिमेय फलनात, म्हणजे बहुपदी भागिले बहुपदी अशा फलनात, अंश आणि छेदाच्या कोटी (सर्वांत मोठे घातांक) ताडून पाहायच्या. अंशाची कोटी छेदापेक्षा कमी असेल तर य = ० ही रेषा. दोन्ही समान असतील तर सर्वोच्च घातांच्या सहगुणकांचं गुणोत्तर. तुमच्या फलनात २/१, म्हणून य = २. अंशाची कोटी नेमकी एकने जास्त असेल तर तिरकी रेषा मिळते, आणि त्याहून जास्त असेल तर आडवी किंवा तिरकी अनंतस्पर्शी रेषा नसतेच. हे नियम पाठ असायला हरकत नाही, पण मी स्वतः ते वापरण्याऐवजी भागाकार करतो. भागाकार जास्त सांगतो.

तुमच्याच फलनाचा भागाकार केला तर

य = २ + २/(क्ष − ३).

पहिला २ म्हणजे आडवी रेषा. मागचा तुकडा म्हणजे वक्र आणि रेषा यांच्यातलं अंतर, चिन्हासह. क्ष खूप मोठा आणि धन असेल तर हा तुकडा धन, म्हणून वक्र रेषेच्या किंचित वर. क्ष खूप ऋण असेल तर तुकडा ऋण, म्हणून वक्र रेषेच्या किंचित खाली. हा तुकडा कुठेच शून्य होत नाही, म्हणून या उदाहरणात आलेख य = २ ला खरोखरच कधी शिवत नाही. कोटी ताडण्याच्या नियमातून यातलं काहीच हाती लागत नाही.

आणि इथेच तिसऱ्या शंकेचं उत्तर आहे. हे फलन पाहा:

य = (क्ष² + क्ष − २) / (क्ष² − २क्ष − ३)

भागाकारातून येतं य = १ + (३क्ष + १)/(क्ष² − २क्ष − ३). मागचा तुकडा क्ष = −१/३ ला शून्य होतो. म्हणजे (−१/३, १) या बिंदूत वक्र आपल्या आडव्या अनंतस्पर्शी रेषेला आरपार छेदतो. यात काहीही बिघडत नाही. य = १ ही रेषा वक्र दूर गेल्यावर काय करतो ते सांगते, अधल्यामधल्या भागाबद्दल ती काहीच बोलत नाही. साइन क्ष भागिले क्ष हे फलन तर य = ० या आपल्या अनंतस्पर्शी रेषेला अगणित वेळा ओलांडतं, दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत ओलांडत राहतं, आणि तरीही तिच्या जवळजवळ जात राहतं. ‘कधीच शिवत नाही’ हे वाक्य वहीतून खोडून टाका.

उभ्या रेषेचं काय? परिमेय फलनाचा आलेख तिला कधी शिवत नाही हे बरोबर, कारण तिथे फलनाला किंमतच नसते. पण तेही व्याख्येतून आलेलं नाही. क्ष शून्य नसताना य = १/क्ष आणि क्ष = ० ला य = ५ असं फलन कोणी दिलं, तर क्ष = ० ही उभी अनंतस्पर्शी रेषाच राहते आणि आलेखाचा एक बिंदू तिच्यावर बसतो.

वरचं ओलांडणारं उदाहरण पूर्ण करून दाखवतो, कारण सगळे धागे त्यात एकत्र येतात. अंश (क्ष − १)(क्ष + २), छेद (क्ष + १)(क्ष − ३). समान अवयव नाही, त्यामुळे गळलेला बिंदू नाही. क्ष-अक्षावर (१, ०) आणि (−२, ०). य-अक्षावर (०, २/३). उभ्या रेषा क्ष = −१ आणि क्ष = ३. आता −२, −१, १, ३ या चार किमती संख्यारेषेवर मांडा. चारही अवयव एकेकदाच आलेत, म्हणून प्रत्येक ठिकाणी चिन्ह बदलणार. क्ष खूप मोठा असताना य धन, म्हणून उजवीकडून डावीकडे येताना चिन्हं अशी: धन, ऋण, धन, ऋण, धन.

एवढ्यावर आलेख जवळजवळ तयार झाला. डावीकडून सुरुवात करू. तिथे मागचा तुकडा ऋण, म्हणून वक्र य = १ च्या किंचित खालून येतो, उतरत उतरत −२ ला अक्ष ओलांडतो आणि −१ जवळ खोल खाली जातो. −१ च्या पलीकडे तो वरून प्रकट होतो, −१/३ ला य = १ ओलांडतो, (०, २/३) मधून जातो, १ ला अक्ष छेदतो आणि ३ जवळ पुन्हा खाली बुडतो. ३ च्या पुढे वरून येतो आणि य = १ ला वरच्या बाजूने जवळ करत जातो. मध्ये कुठे वळण घेतो का, ही शंका असेल तर विकलज (derivative, वक्राचा चढ-उतार सांगणारं फलन) काढा. त्याचा अंश −३क्ष² − २क्ष − ७ येतो. त्याचा विवेचक (discriminant) ४ − ८४, म्हणजे ऋण, म्हणून हा अंश कायम ऋणच राहतो. वक्र प्रत्येक तुकड्यात फक्त उतरतो. चिन्हांच्या तक्त्यावरून काढलेलं चित्र आणि विकलज, दोघांचं एकमत झालं.

तिरक्या रेषेचं एक उदाहरण मला फार आवडतं:

य = (क्ष − १)² / (क्ष + २) = क्ष − ४ + ९/(क्ष + २)

तिरकी रेषा य = क्ष − ४, उभी रेषा क्ष = −२, य-अक्षावर (०, १/२). क्ष-अक्षावर १ हे मूळ दोनदा आलंय, म्हणून वक्र (१, ०) ला नुसता टेकून वर फिरतो. बाकीचा तुकडा उजवीकडे धन, म्हणून वक्र तिरक्या रेषेच्या वर. डावीकडे ऋण, म्हणून खाली. विकलज १ − ९/(क्ष + २)² शून्य होतो क्ष = १ आणि क्ष = −५ ला. तिथे य अनुक्रमे ० आणि −१२. म्हणजे उजवी शाखा शून्याच्या खाली येत नाही, डावी −१२ च्या वर जात नाही, आणि मधल्या पट्ट्यात आलेखच नाही. विद्यार्थी इथे हमखास एक चूक करतात: भागाकारातला बाकीचा तुकडाही रेषेच्या समीकरणात लिहून टाकतात. रेषा फक्त भागाकाराइतकी, य = क्ष − ४. बाकी ही वक्र कोणत्या बाजूला आहे ते ठरवण्यासाठी.

छेद शून्य होतच नसेल तर उभी रेषा शोधत बसू नका. इटालियन गणितज्ञ मारिया आन्येझीने १७४८ मध्ये छापलेल्या ग्रंथामुळे जो वक्र तिच्या नावाने ओळखला जातो, त्याचं एक रूप य = ८/(क्ष² + ४) असं आहे. छेद कायम ४ किंवा जास्त, म्हणून उभी रेषा नाही. अंश कधी शून्य नाही, म्हणून क्ष-अक्षावर छेदबिंदू नाही. (०, २) हा माथा आणि दोन्ही बाजूंना अक्षाकडे उतरणारी टेकडी.

परिमेय फलनांच्या बाहेर पडलं की कोटींचे नियम संपतात आणि सीमा (limit, य ज्या किमतीकडे जातो ती) काढण्यावाचून पर्याय राहत नाही. क्ष/√(क्ष² + १) घ्या. √क्ष² म्हणजे क्ष नव्हे, |क्ष|. त्यामुळे उजवीकडे य १ कडे जातो आणि डावीकडे −१ कडे. दोन आडव्या रेषा. डावी बाजू वेगळी तपासली नाही तर दुसरी रेषा हातातून सुटते, आणि ती सुटलेली मी फार वेळा पाहिली आहे. २ चा क्षवा घात वजा ४ या फलनात य = −४ ही रेषा फक्त डावीकडे आहे, उजवीकडे य अमर्याद वाढतो. छेदबिंदू (२, ०) आणि (०, −३). लॉग(क्ष − ३) मध्ये कुठेच छेद नाही, तरी क्ष = ३ ही उभी रेषा आहे, आणि तीही फक्त उजव्या बाजूने, कारण डावीकडे फलनच नाही. छेदबिंदू (४, ०). य-अक्षावर काही नाही.

लॉगचा आलेख उजवीकडे इतका सपाट दिसतो की अनेकजण तिथे आडवी रेषा कल्पून मोकळे होतात. १० पायाचा लॉग १ कोटीला फक्त ७ असतो हे खरं, पण कोणतीही आडवी रेषा घ्या, तो कधी ना कधी तिच्या वर जातो आणि वरच राहतो. मंद वाढणं वेगळं, थांबणं वेगळं.

परिमेय नसलेल्या फलनाची तिरकी रेषा शोधायची तर आधी य/क्ष ची सीमा काढा, तिला म म्हणा. ती सांत, म्हणजे एक ठरावीक संख्या, आली तर य − मक्ष ची सीमा काढा. तीही सांत आली तरच रेषा आहे. दुसरी पायरी गाळू नका. क्ष + √क्ष मध्ये य/क्ष ची सीमा १ येते, पण य − क्ष म्हणजे √क्ष, जो वाढतच जातो. रेषा नाही. √(क्ष² + १) मध्ये मात्र दोन्ही पायऱ्या जमतात, उजवीकडे य = क्ष आणि डावीकडे य = −क्ष. हा वक्र म्हणजे अपास्ताची (hyperbola ची) एक शाखा, आणि अपास्ताच्या अनंतस्पर्शी रेषांचा अभ्यास ग्रीक गणितज्ञ अपोलोनियसने ख्रिस्तपूर्व काळातच केला होता.

उत्तर लिहिताना रेषा ही रेषा म्हणूनच लिहा. ‘उभी अनंतस्पर्शी: ३’ असं नाही, ‘क्ष = ३’. छेदबिंदू दोन्ही निर्देशकांसह. रेषा तुटक काढा, म्हणजे ती आलेखाचा भाग नाही हे दिसेल.

मोबाइलवर किंवा जिओजेब्रा या आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आलेख जरूर तपासा, पण दोन गोष्टी लक्षात ठेवून. गळलेला बिंदू डोळ्यांना दिसणार नाही. तुमच्या फलनात −२ पाशी पडद्यावर अखंड रेघ दिसेल, ते पोकळ वर्तुळ तुम्हालाच काढावं लागेल. आणि काही कॅल्क्युलेटर उभ्या रेषेच्या दोन बाजूंचे बिंदू एकमेकांना जोडून टाकतात. त्यामुळे ३ पाशी जी उभी भरीव रेघ दिसते ती आलेखाचा भाग नाही आणि अनंतस्पर्शी रेषाही नाही. ३ च्या आसपासच्या चार किमती हाताने काढून बघा, −१८ आणि २२ च्या मध्ये जोडण्यासारखं काही नाही हे लगेच कळेल.